चौदा मीटरची काठी

बांबू उभा करायला अकरा माणसं लागली. त्यातली दोन दोर ओढत होती आणि नऊ सल्ला देत होती.

"मॅडम, जरा वाकडा हाय."

"बांबू सरळ हाय. तूच तिरका उभा ऱ्हायलास."

तीन कळक एकाला एक बांधून, शेंड्याला लाल कापड लावून, चारी बाजूंनी दोर ताणून अखेर तो वरवंठ्याच्या टेकाडावर उभा राहिला. टेपनं मोजून बरोबर चौदा मीटर. वरवंठ्याला पाण्याची टाकी हवी होती, ती याच टेकाडावर आणि एवढ्याच उंचीची. अडचण एकच होती. टेकाडापासून एकशे चाळीस मीटरवर बाराव्या शतकातलं महादेवाचं देऊळ होतं आणि ते संरक्षित होतं. अशा वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत काहीच बांधायचं नाही, आणि पुढे तीनशे मीटरपर्यंत बांधायचं असेल तर आधी कुणीतरी येऊन त्यामुळे जुन्या वास्तूचं काय बिघडेल ते सांगायचं, असा कायदा. हे सांगणारी कुणीतरी म्हणजे मी. वय सव्वीस, पुण्याच्या एका सल्लागार कचेरीत नोकरी, आणि एकटीनं करायचं हे पहिलंच काम.

न बांधलेली टाकी कशी दिसेल हे कळावं म्हणून तेवढ्या उंचीचा बांबू उभा करायचा, आणि देवळाच्या आवारातल्या सात ठरलेल्या जागांवरून सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याचे फोटो काढायचे. असं तीन दिवस. आमचे राजाध्यक्ष सर हे काम पूर्वी खुर्चीत बसूनच करत. त्यांच्याकडे एक तयार अहवाल होता, त्यात गावाचं नाव बदललं की झालं. एकदा त्यांनी नाव बदललं पण समुद्र काढायचा राहून गेला, आणि विदर्भातल्या एका गढीला लाटांपासून धोका आहे हे समितीनं एकमतानं मान्य केलं. तेव्हापासून सर जागेवर माणूस पाठवू लागले, आणि कचेरीत सगळ्यात स्वस्त माणूस मीच होते.

दुपारचे सात आणि संध्याकाळचे सात असे पहिल्या दिवशी चौदा फोटो झाले. शेवटचा काढत होते तेव्हा सरपंच आल्या. मथुराबाई ढाकणे. साठीच्या आसपासच्या, काटक, हिरवं नऊवारी लुगडं, पायात पुरुषी चपला. त्यांच्यामागे देवळाचा पहारेकरी रंगनाथ, गळ्यात शिट्टी अडकवून. देवळात कुणी चपला घालून आलं की तो शिट्टी वाजवायचा. मथुराबाईंसाठी त्यानं ती वाजवली नाही.

"काय म्हनतोय आमचा बांबू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं केलं. देऊळ पश्चिमेला तोंड करून. समोर नंदी, आणि नंदीच्या बरोबर मागे टेकाड. लाल कापड नंदीच्या दोन शिंगांच्या मधोमध फडफडत होतं.

"तिथं टाकी आली तर कसं दिसेल सांगा," मी म्हटलं. "नंदी डोक्यावर हंडा घेऊन बसलाय असं दिसेल."

"बरंच की मग. इतकी वर्षं आमच्या बायकांनी वाह्यला. आता जरा नंदीनं वाहावा."

रंगनाथ हसला आणि मग आपण सरकारी नोकर आहोत हे आठवून थांबला. मला मात्र हसता आलं नाही. मी ठरवून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं. "बाई, मला 'परिणाम तीव्र' असं लिहावं लागेल. टाकी नामंजूर होईल."

त्या चहाला चला म्हणाल्या.

त्यांचं घर वरच्या वस्तीत होतं, गावाच्या दीड हात वर आणि नळाच्या पाण्याच्या कायम दोन हात वर. नळ होते. चकचकीत, पितळी तोट्यांचे नळ प्रत्येक दारात होते, आणि आठ वर्षांत त्यातून हवेशिवाय काही आलं नव्हतं. दाब नव्हता. दाबासाठी उंच टाकी हवी होती. अंगणात त्यांची सून डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन आली, तिनं ते उतरवले आणि चहाला त्यातलंच पाणी घेतलं. तो चहा पिताना मला लाज वाटली, हे सांगायला काही हरकत नाही.

मथुराबाईंनी आजूबाजूला पाहिलं, पदर मागे सारला आणि मान माझ्यासमोर वाकवली. डोक्याच्या बरोबर मध्यावर, हंड्याखालची चुंबळ बसते तिथं, पुरीएवढं गोल टक्कल होतं. गुळगुळीत.

"पंधराव्या वर्षी लगीन झालं तवापासनं हे चालू हाय. आता सुनंच्या बी डोक्यावर पडायलंय. तिला वाटतं मला दिसत न्हाई." त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला. "मॅडम, चार फूट खाली घ्या बांबू. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तुमी कुनाला सांगनार?"

"चार फुटांनी काही होणारही नाही. नंदीच्या डोक्यावरून हंडा जाईल आणि कळशी येईल." मग मी विचारलं, "दुसरी जागा नाही का? तीनशे मीटरच्या बाहेर असेल तर आमची परवानगीच लागत नाही. अहवालात पर्यायी जागा सुचवायची सोय असते. मी ती लिहीन."

"हाय की." त्यांनी हात वर करून दाखवला. वस्तीच्या मागं एक उघडाबोडका माळ होता, टेकाडाहून चांगला उंच. "कुसळं बी उगवत न्हाईत तिथं. पन तो आमच्या भाऊजींचा."

भाऊजी म्हणजे शेषराव ढाकणे, त्यांचे थोरले चुलतदीर. गेल्या निवडणुकीत मथुराबाईंनी त्यांच्या मुलाला पाडलं होतं. माळावर दगडांखेरीज काही नव्हतं, पण दगड शेषरावांचे होते.

"तुम्ही बोलून बघितलंत?"

"मी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "थोरल्या दिराशी? पंचेचाळीस वर्षं झाली, त्यांच्याम्होरं पदर सरकला न्हाई माझा. ते समोरनं आले की मी भिताडाला तोंड करून उभी ऱ्हाते. सरपंच झाले तरी तसंच. सभेला ते आले की मी खुर्चीवरनं उठते, आन ठराव ग्रामसेवक वाचतो."

"मग दुसरं कुणी?"

"सगळे बोलून थकले. टाकीच्या पैशाची मंजुरी मार्चअखेर संपती. फुडल्या साली मी सरपंच नसन, आन मी नसले तर टाकी कुनालाच नको." त्या उठल्या. "तीनशे मीटर म्हनलात न्हवं? कुठनं धरायचं, देवळाच्या भिताडापासनं का कंपाउंडापासनं?"

"संरक्षित हद्दीपासून. म्हणजे कंपाउंडच धरा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि हंडे झाकायला गेल्या.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी साडेसहाला मी फोटो काढायला सुरुवात केली. पंधरावा महाद्वारातून, सोळावा दीपमाळेजवळून, सतरावा नंदीशेजारून. उन्हं पाठीमागून थेट टेकाडावर पडली होती, चित्र सुरेख येत होतं. कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा, त्यात बांबू दिसला की मी पुढच्या जागेवर जात होते. सकाळचे सात संपवून मी रंगनाथच्या खोलीवर पोहे खायला गेले.

दहा वाजता रंगनाथ धावत आला.

"मॅडम, तुमच्या बांबूला देव आलाय."

टेकाडावर पन्नासेक माणसं होती. बांबूच्या बुंध्याला माणसाच्या उंचीपर्यंत हळदीकुंकू माखलेलं, हिरव्या खणाची घडी बांधलेली, पुढ्यात पाच नारळ. माझ्या दोरांना कुणीतरी आंब्याचे डहाळे बांधले होते. मी जवळ गेले तर लोक बाजूला झाले आणि एका म्हातारबांनी मला नमस्कार केला.

"हे काय आहे?" मी रंगनाथला बाजूला घेऊन विचारलं.

त्यानं जे सांगितलं ते असं. या टेकाडावर फार पूर्वी चैत्राच्या तोंडावर देवीची काठी उभी राहायची. थोरल्या आणि धाकट्या ढाकण्यांच्या भावकीत काठीला पहिला हात कुणी लावायचा यावरून डोकी फुटली, आणि काठी बंद पडली.

"तुम्ही पाहिली होती?"

"म्या न्हाई. माझ्या बापानं बी न्हाई. पन फुटलेली डोकी सगळ्यांना ठावूक हायेत."

"मग आता काय झालं?"

"आता पहिला हात तुमी लावला. तुमी थोरल्यातल्या न्हाई, धाकट्यातल्या न्हाई. देवीनं मार्ग काढला म्हनत्यात."

मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हळदीकुंकू लागल्यानं उंचीत फरक पडतो का?"

"नाही, सर."

"मग फोटो काढ आणि उद्या बांबू उतरवून परत ये. दोर आपल्या कचेरीचे आहेत."

"सर, आता हात लावला तर मला मारतील."

"बरं, मग दोर राहू दे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं औदार्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मला खरी काळजी वेगळीच होती. टेकाडावर आता देवी बसली होती. टाकीला आधी फक्त महादेव आडवा होता, आता सगळं गाव आडवं येणार होतं. आणि तो बांबू मी पुरला होता. मथुराबाई मला काय म्हणतील या विचारानं मी दुपारी जेवलेसुद्धा नाही.

चार वाजता हलगी वाजायला लागली. सगळं गाव टेकाडावर लोटलं. शेषरावही आले, पांढरंशुभ्र धोतर, फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. ते पुढे आले तसा बायकांचा घोळका भिंतीकडे वळावं तसा मागे वळला, फक्त तिथं भिंत नव्हती. आणि त्याच घोळक्यातून एक हुंकार आला.

मथुराबाई. केस सुटलेले, डोळे वर लागलेले. त्या घुमत घुमत बांबूपाशी गेल्या, दोन्ही हातांनी त्याला धरलं, आणि माझा बांबू थेट शेंड्यापर्यंत हलला. मला दोरांच्या गाठींची भीती वाटली.

"आई आली, आई आली," बायका म्हणू लागल्या. कुणीतरी लिंबू पुढं केलं.

"माझ्या टेकाडावर टाकी बांधताय व्हय रे?" मथुराबाईंचा आवाज त्यांचा राहिला नव्हता. "माझ्या जागंवर हंडा ठिवताय?"

"न्हाई आई, चुकलं," गाव म्हणालं.

"शेषा कुठं हाय?"

हलगी थांबली. चाळीस वर्षांत त्या माणसाला त्या गावात कुणी शेषा म्हटलं नव्हतं.

"हितं हाय, आई," शेषराव म्हणाले आणि त्यांनी चपला काढल्या.

"लेकरं तहानलीत माझी, शेषा. तुझा माळ कशाला उघडा पडलाय?"

शेषराव मोठे मुरलेले होते. देवीपुढे हात जोडूनही त्यांनी विचारलं, "आई, माळ तुझाच हाय. पन सातबारा कुनाच्या नावावर ऱ्हाईल?"

"तुझ्याच ऱ्हाईल. मला फकस्त दोन गुंठं पायजेत. बक्षीसपत्र कर. मंगळवारच्या आत."

"कुठल्या कोपऱ्यातले, आई?"

"वरच्या. देवळाच्या कंपाउंडापासनं तीनशे मीटरच्या भाईर."

देवी मीटरमध्ये बोलते याचं गावात कुणालाही नवल वाटलं नाही. मला वाटलं. मी हातातली वही खाली ठेवली.

शेषराव अजून तोलून बघत होते. नाही म्हणायला एखादी फट मिळते का ते त्यांचे डोळे शोधत होते, मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात मथुराबाईंनी बांबूवर कपाळ टेकलं, आणि खांद्यावर घसरलेला पदर पार जमिनीवर गेला. मान वाकलेली, केस दोन्हीकडे पांगलेले, आणि मधोमध ते गोल टक्कल, उतरत्या उन्हात चकाकत. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी दोघीतिघींनी नकळत हात आपापल्या टाळूवर नेला.

शेषरावांनी ते पाहिलं. त्यांची स्वतःची आई आणि बायको त्याच वस्तीत पाणी वाहून म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"दिलं," ते म्हणाले. "दोन न्हाई, पाच गुंठं घे."

मथुराबाई तिथंच खाली बसल्या. सुनेनं धावत येऊन त्यांच्या डोक्यावरून पदर घेतला. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, समोर थोरले दीर बघून लगबगीनं उठल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेले फोटो काढून मी निघाले. एसटीच्या थांब्यावर मथुराबाई सोडायला आल्या. शेंगदाण्याची पुरचुंडी हातात दिली. कालच्याबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. बस सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, "तुमचा बांबू ऱ्हाऊ द्या हितं. लोकांची श्रद्धा हाय."

पुण्याला येऊन मी फोटो मोठ्या पडद्यावर लावले. पंधरा, सोळा. आणि सतरावा. कोवळ्या उन्हातलं टेकाड, बांबू, आणि बांबूपाशी हिरवं लुगडं. मी चित्र मोठं केलं. डाव्या हातात ताट, उजवा हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळा, बांबूवर टेकलेला. पायात पुरुषी चपला. वेळ कोपऱ्यात छापलेली होती, सहा चाळीस. आसपास दुसरं कुणी नाही. आणि मथुराबाई दचकलेल्या वगैरे नव्हत्या. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी कॅमेरा घेऊन नंदीशेजारी उभी आहे हे त्यांना पक्कं दिसत होतं, आणि तरी त्यांनी हात काढला नव्हता.

अहवालाला सगळेच्या सगळे फोटो क्रमवार जोडायचे, हा नियम मीच सरांना मोठ्या अक्कलहुशारीनं पटवून दिला होता. चार फूट बांबू खाली घ्यायला मी तोंडावर नाही म्हटलं होतं. तो फोटो जोडला तर समितीत कुणीतरी विचारणार, ही बाई कोण, हिच्या हातात ताट कसलं; मग ती चौकशी वरवंठ्याला जाणार, शेषरावांच्या कानावर जाणार, आणि बक्षीसपत्र अजून नोंदायचं होतं.

मी टेकाडाच्या जागेपुढे लिहिलं, परिणाम तीव्र. पर्यायी जागा, वस्तीमागचा माळ, हद्दीपासून तीनशे साठ मीटर, परिणाम नगण्य. आणि सतराव्या फोटोच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, धुक्यामुळे अस्पष्ट.

सरांनी सही करताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मार्चमध्ये? त्या मुलखात?"

"हो, सर."

"समुद्र आहे का जवळपास?"

"नाही, सर."

त्यांनी सही केली.

याला सोळा वर्षं झाली. सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. गेल्या महिन्यात आमच्या कचेरीतल्या कौस्तुभनं एक अहवाल सहीसाठी पुढ्यात ठेवला. वरवंठ्यावरून जाणारा नवा वळणरस्ता, त्याचा देवळावर आणि आसपासच्या चालीरीतींवर होणारा परिणाम. मुलगा जागेवर जाऊन आला होता, चांगला आठवडाभर राहिला होता.

"मॅडम, रस्ता टेकाडावरून नेता येणार नाही," तो म्हणाला. "तिथं दर वर्षी काठी उभी राहते. सुमारे तीनशे वर्षांची परंपरा आहे, मध्यंतरी काही काळ खंड. आणि गंमत म्हणजे काठीचं माप ठरलेलं आहे. दर वर्षी नवा कळक, पण माप तेच. मी स्वतः मोजली. चौदा मीटर, एक सेंटिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. जुन्या लोकांना हे कसं जमत असेल?"

"मोजून," मी म्हटलं.

"मीटर तर अलीकडचे ना, मॅडम. मी त्याचे हात आणि वीत करून बघितले, कशातच बसत नाही. त्यावर स्वतंत्र टिपण जोडलंय." त्यानं पानं उलटली. "फक्त एक मुलाखत काढून टाकावी म्हणतो. माजी सरपंच आहेत, शहात्तर वर्षांच्या. जरा भ्रमिष्ट वाटल्या."

"वाच."

"त्या म्हणतात, काठी उभी करायला देवी स्वतः आली होती. पुण्याहून, एसटीनं. बारीक होती, चष्मा होता, उन्हानं नाक सोललं होतं. खोटं बोलायला तयार नव्हती. मग एकदाच बोलली." त्यानं वर पाहिलं. "आणि पुढे म्हणतात, ती कुठं भेटली तर तिला सांगा, वरच्या वस्तीला रोज सकाळी सातला पाणी येतं. माझ्या सुनेच्या डोक्यावर पुन्हा केस आलेत."

मी कागद हातात घेतला. खाली निळा अंगठा होता.

"काढू ना, मॅडम? अहवालात शोभत नाही."

"राहू दे," मी म्हटलं, आणि 'परिणाम तीव्र' या शब्दांखाली सही केली.